जुन्या कोयत्याला काळेपणा: कोल्ड ब्लू की गंजवून उकळणं?

खानापूरच्या मावसभावानं विचारलं, "दादा, आजोबांचा कोयता पांढरा पडलाय. कोल्ड ब्लू लावू की गंजवून उकळू?" कोल्ड ब्लू म्हणजे पोलाद न तापवता काळं करणारं रसायन. बंदुकीच्या नळ्या काळ्या करायलाही या दोन पद्धती वापरतात. परवान्याच्या रिव्हॉल्वरला मात्र घरी हात लावू नये; १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार दुरुस्तीच्या धंद्यालाही परवाना लागतो.

तयारी सारखीच. पॉलिश पेपरनं गंज काढा, साबणानं तेलकटपणा घालवा. बोटाचा ठसा राहिला की तिथं डाग पडतोच.

कोल्ड ब्लू अर्ध्या तासात होतं. पण त्यात सेलेनियमचं विषारी संयुग असतं, हातमोजे हवेतच. थरही पातळ. माझ्या विळ्यावरचा मुठीजवळ महिन्यात उडाला.

दुसऱ्या पद्धतीत व्हिनेगर फासून कोयता दमट जागी टांगायचा. आपल्याकडचा पावसाळा इथं कामाला येतो. तांबूस साय धरली की पावसाच्या स्वच्छ पाण्यात वीसेक मिनिटं उकळा. लाल गंज डोळ्यांदेखत काळा होतो, मखमलीसारखा. सुटी काजळी बारीक तारेच्या काथ्यानं घासा, पुन्हा गंजवा. असं पाच-सहा वेळा. दोन-चार दिवस जातात, खर्च जवळजवळ नाही. उकळत्या पाण्यानं पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणाही, उतरत नाही, भट्टीत ती भीती असते.

तेलाचा हात दोन्हींना लागतो.

ऊसतोडीचा, रोज घासणारा कोयता असेल तर गंजवून उकळा. एखादा ओरखडा झाकायचा असेल, वस्तू भिंतीवरच राहणार असेल, तर कोल्ड ब्लू पुरे. भावाला मी उकळायलाच सांगितलंय.