बँजो उघडू दिला नाही, तिथेच मी उठायला हवं होतं

गेल्या वर्षी मार्चमध्ये जुना बँजो घेताना मी ६,८०० डॉलर मोजले आणि फसले. दोन वर्षं थोडे थोडे करून साठवलेले पैसे होते. आपल्यातले बरेच जण आता इथे अमेरिकेत गिटार, मँडोलिन, बँजो शिकायला लागलेत आणि जुन्या वाद्यांच्या मागे लागलेत, म्हणून काय घडलं ते सगळं लिहून काढते.

बँजो म्हटलं की आपल्याला गणपतीच्या मिरवणुकीतली बेंजो पार्टी आठवते. ते बटणांचं वाद्य वेगळं. हा अमेरिकेतला पाच तारांचा. याची पाचवी तार आखूड असते, तिची खुंटी दांडीच्या मधेच एका बाजूला असते आणि ती सतारीच्या चिकारीसारखी अंगठ्याने सतत वाजत राहते. आम्ही नॉर्थ कॅरोलिनात केरीला राहतो. २०१३ साली ब्लूग्रासचा, म्हणजे बँजो, मँडोलिन, फिडलवर वाजणाऱ्या इथल्या लोकसंगीताचा मोठा उत्सव शेजारच्या रालेत आला, तिथे भर रस्त्यात उभं राहून मी हे वाद्य पहिल्यांदा नीट ऐकलं आणि पुढे शिकायलाच लागले. तीन बोटांनी वाजवायची ही पद्धत ज्यांनी घरोघरी पोचवली ते अर्ल स्क्रग्ज याच राज्यातले.

स्क्रग्ज यांचा बँजो १९३० सालचा गिब्सन ग्रॅनाडा. गिब्सन कंपनी तेव्हा मिशिगनमधल्या कॅलमझूला होती आणि तिथले दुसऱ्या महायुद्धाआधीचे ‘मास्टरटोन’ नावाचे वरच्या दर्जाचे बँजो ब्लूग्रासवाल्यांना जीव की प्राण. अडचण अशी, की त्या काळी नाचाच्या ऑर्केस्ट्रात चार तारांचा टेनर बँजो चालायचा, त्यामुळे कंपनीने टेनरच जास्त बनवले. मूळ पाच तारी फार थोडे आणि त्यांची किंमत माझ्यासारखीने विचारायचीही नाही. म्हणून लोक जुना टेनर घेतात, त्याचा गोल भाग, म्हणजे पॉट, ठेवतात आणि त्याला नवी पाच तारी दांडी बसवतात. याला कन्व्हर्जन म्हणतात. यात लबाडी काही नाही, उत्तमोत्तम वादक असेच बँजो वाजवतात. फक्त मग सगळी किंमत त्या पॉटची असते.

मला जो दाखवला तो असाच बदललेला टीबी-३ (टीबी म्हणजे टेनर बँजो), मास्टरटोन, १९३० च्या आसपासचा, मूळ चाळीस भोकांच्या टोन रिंगसकट, असं सांगितलं गेलं. टोन रिंग म्हणजे लाकडी रिमवर बसणारं धातूचं जड कडं, त्यावर पडदा ताणलेला असतो. चाळीस भोकांची रिंग आर्चटॉप प्रकारची. पडदा मधे किंचित उचललेला दिसतो आणि आवाज टोकदार येतो. ब्लूग्रासमधले नावाजलेले वादक राल्फ स्टॅनली आर्चटॉपच वाजवायचे. पडदा सपाट असलेल्या फ्लॅटहेडपेक्षा हे स्वस्त मिळतात, म्हणून सांगितलेली किंमत मला पटली. फारच स्वस्त असतं तर संशय तरी आला असता.

विकणारा साठीचा, बोलायला गोड. त्याने आधी एक धून वाजवली आणि खरं सांगते, आवाज सुंदर होता. मग मागच्या रेझोनेटरचे, म्हणजे पाठीमागच्या लाकडी झाकणाचे, चारही स्क्रू स्वतःच काढून आत रिमवर चिकटवलेला मास्टरटोनचा डिकल, म्हणजे छापील नावपट्टी, दाखवला. रिमवर आत कारखान्याचा नंबर होता, त्याचा मी फोटो काढला. मी म्हटलं, पडदा काढून रिंग बघू या का? त्याने बँजो अलगद स्वतःच्या मांडीवर ओढून घेतला. “ताण बिघडेल, परत सूर लागायला आठवडा जाईल. आणि चार वाजता व्हर्जिनियाहून एक जण येतोय.” तेव्हा तीन वाजून गेले होते. माझे शिकवणारे सर दोन दिवसांनी गावाहून परतणार होते, मी येईपर्यंत पैसे देऊ नकोस असं त्यांनी बजावून सांगितलं होतं. मी बाहेर जाऊन नवऱ्याला फोन केला, तो म्हणाला तुला आवडलाय तर घे. मी चेक फाडला.

सरांनी बँजो हातात घेतला, उलटा केला आणि काही न बोलता मला एका जुन्या कारागिराकडे घेऊन गेले. त्याने पडदा ताणून धरणाऱ्या चोवीस हुकांच्या नटा एकेक करून सैल केल्या, वरचं कडं उचललं, पडदा काढला, रिंग उचलली. एवढ्याला वीस मिनिटंही लागली नाहीत. रिम आतून कोऱ्या चहासारखी गडद झाली होती आणि रिंगच्या खालची कड मात्र ताज्या कापलेल्या लाकडासारखी फिकट, लेथच्या रेघा स्पष्ट दिसत होत्या. नव्वदहून जास्त वर्षं झाकलेलं लाकूड असं नसतं. रिंगचा वरचा मुलामा मुद्दाम मळवलेला, पण भोकांच्या आत धातू चकचकीत. मग त्याने भिंग माझ्या हातात दिलं. रिमवर एक जुना ओरखडा होता, तो डिकलच्या कडेपाशी येत होता आणि डिकलच्या खालून पलीकडे निघत होता. डिकल आधीचा असता तर ओरखड्याने तो फाटला असता. अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारल्यावर जुनं लॅकर पिवळट हिरवं उजळलं, डिकलभोवतीचा चौकोन तेवढा काळपट राहिला.

नंबरही बोलला. गिब्सनचे हे नंबर एकेका लॉटचे असतात, हायफननंतरचा आकडा त्या लॉटमधल्या नगाचा. माझ्या लॉटमधले माहीत असलेले सगळे बँजो साध्या स्टाइल १ चे निघाले, म्हणजे टोन रिंग नसलेले. रेझोनेटरच्या आत खडूने लिहिलेला नंबर तर वेगळाच होता. एका साध्या टेनरची रिम तासून त्यावर नवी रिंग बसवलेली, दुसऱ्याच बँजोचा रेझोनेटर लावलेला आणि छापून मिळणारा डिकल चिकटवलेला. तसं सांगून विकला असता तर चालणारा माल होता, पण मी दिलेल्या पैशाच्या निम्म्याने. तो फोटो पैसे देण्याआधी सरांना पाठवला असता तर त्या एका नंबरावरच सगळं कळलं असतं.

आवाजावर जाऊ नका हे मला आता पोटतिडकीने सांगावंसं वाटतं. हल्लीच्या चांगल्या रिंगा खरंच छान वाजतात, कानाला जुनं नवं कळत नाही. पडदा उतरवून, रिंग काढून बघायची. बसवणावळ तुम्ही द्या, एखाद्या कारागिराच्या दुकानात भेटा, पण बघा. आणि जे तोंडी सांगतो ते लिहून मागा. माझ्या पावतीवर एवढंच होतं: जुना गिब्सन बँजो, आहे त्या स्थितीत. मेसेज परत काढून वाचले, तर ‘मूळ रिंग’ हे शब्द त्याने एकदाही लिहिले नव्हते. मी फोन केला तेव्हा तो म्हणाला, मला मिळाला तसाच मी विकला. पुढे फोन उचलणं बंद. वकिलाने पावती बघितली आणि खर्चात पडू नका म्हणाला.

बँजो माझ्याकडेच आहे. रोज सकाळी अर्धा तास वाजवते. कारागिराकडून तो डिकल खरवडून काढला आणि रेझोनेटरच्या आत एक कागद चिकटवून घेतला. त्यावर माझ्या हाताने लिहिलंय: रिम स्टाइल १ टेनरची, नंतर तासलेली; रिंग नवी; दांडी नवी; रेझोनेटर दुसऱ्या बँजोचा. खाली तारीख आणि माझी सही.