बर्फावर वॉलआय गरवताना: रॉड आणि दोरा, हिवाळाभराच्या वापरानंतर

गोठलेल्या तळ्यात भोक पाडून वॉलआय (गोड्या पाण्यातला एक मासा) गरवायचा असेल तर रॉडवर पैसे कमी घाला आणि दोरा निवडताना डोकं जास्त लावा. हिवाळाभर वापरल्यावर माझं मत हेच झालंय. मिनेसोटात नव्याने आलेली आपली मंडळी डिसेंबरात दुकानात जातात, ओळीने मांडलेले रॉड हाताळून बघतात आणि दोरा मात्र रिळावर आयता भरलेला मिळेल तोच घेऊन येतात. वीस-तीस फूट खोल पाण्यात मासा तोंड लावतो तेव्हा ती खबर वर आणतो तो दोराच. तो वेटोळ्यांचा किंवा जास्त ताणणारा असेल तर दोनशे डॉलरचा रॉडही मुका.

इथे हिवाळ्यात एका माणसाला दोन दोर टाकता येतात (उन्हाळ्यात एकच), म्हणून रॉडही दोन घेतले. एक हातात धरून सतत हलवायचा, दुसरा स्टँडवर ठेवून द्यायचा. आधी मिल लॅक्स आणि अप्पर रेड लेक या तळ्यांवर वापरले. राज्यातल्या बहुतेक तळ्यांवर वॉलआयचा हंगाम फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी संपतो, त्यानंतर लेक ऑफ द वूड्सला गेलो. तिथे १४ एप्रिलपर्यंत चालतं.

हातातला रॉड २८ इंची, मीडियम-लाइट (म्हणजे मध्यमपेक्षा जरा कमी कडक), कार्बनचा, शेंडा पटकन वाकणारा पण बुंधा कडक. यावर साडेतीन ते सात ग्रॅमचे स्पून (धातूचं चकाकणारं आमिष) लावतो, त्याच्या गळाला मिनोचं, म्हणजे आमिषाच्या लहान माशाचं, डोकं. वॉलआय बऱ्याचदा हिसका देतच नाही, तोंड उघडून आमिष पाण्यासकट आत ओढतो. हाताला एक बारीक ‘टक्’ लागते, नाहीतर स्पूनचं वजनच नाहीसं होतं आणि किंचित वाकलेला शेंडा सरळ होतो. हे दुसरं लक्षण मऊ रॉडवर दिसत नाही, कारण तो मुळातच लटपटत असतो. उलट फार कडक रॉडवर मासा भोकाशी येऊन डोकं झटकतो तेव्हा गळ सुटतो. मीडियम-लाइट या दोन्हींच्या मधला आहे. लेक ऑफ द वूड्सवर तीस फुटांत जड स्पून किंवा जिगिंग रॅप (माशाच्या आकाराचं वजनदार आमिष) वापरायचा असेल तेव्हा मीडियम बरा वाटला, पण एकच घ्यायचा तर मी मीडियम-लाइटच घेईन. लांबीवर फार वाद घालू नका. बर्फावर ठोकलेल्या तंबूत २८ इंच पुरतात, त्याहून लांब रॉड उचलताना कापडाला आपटतो. बाहेर बादलीवर बसणाऱ्यांनी ३२ ते ३६ घ्यावा, कमी वाकावं लागतं.

दुसरा, म्हणजे डेडस्टिक, फायबरग्लासचा, शेंडा अगदी लवचिक. खाली जिवंत मिनो सोडायचा आणि विसरून जायचं. माशाने ओढलं की शेंडा सावकाश भोकाकडे झुकतो, माशाला ओढ जाणवत नाही, म्हणून तो आमिष टाकून देत नाही. मासे सुस्त असतात त्या दिवशी याच रॉडवर जास्त लागतात, हा माझा अनुभव. हा रॉड मी पस्तीस डॉलरच्या आत घेतला आणि त्याहून महाग घ्यायचं कारण मला सापडलेलं नाही. आधी घेतलेल्या एका कॉम्बोच्या (रॉड आणि रीळ एकत्र) शेंड्याच्या कडीतली, म्हणजे दोरा ओवायच्या कडीतली, रिंग मात्र पहिल्याच महिन्यात निघाली आणि उघड्या धातूवर दोरा कापत राहिला. दुकानातच कापसाचा बोळा प्रत्येक कडीतून फिरवून बघा. धागा अडकला तर रॉड परत ठेवा.

आता दोरा. ब्रेडेड, म्हणजे बारीक तंतू विणून केलेल्या, दोऱ्याची सगळे तारीफ करतात, आणि तंबूत हीटर चालू असेल तर ती खरीच आहे. तो ताणत नाही, तीस फुटांवरची ‘टक्’ कोपरापर्यंत येते. पण हाच दोरा उघड्यावर, उणे वीस सेल्सियसला, नको. तो विणलेला असल्याने पाणी धरून ठेवतो, ते पाणी रिळावर आणि कड्यांमध्ये गोठतं आणि दहा मिनिटांत शेंड्याच्या कडीत मण्याएवढा बर्फ बसतो. तो ओढून काढू नका, कडी मोडते. शेंडा भोकातल्या पाण्यात थोडा वेळ बुडवून ठेवला की बर्फ सुटतो. शिवाय भोकाची कड धारदार असते. मोठा मासा फिरताना ब्रेडेड तिच्यावर घासला तर त्याचे तंतू सुटतात.

बाहेर बसायचं असेल तर ६ पौंडी (तेवढा ताण पेलणारा) नायलॉन मोनो, म्हणजे एकाच तंतूचा दोरा. स्वस्त, गाठ सोपी, थंडीतही मऊ राहील असा आइस मोनो म्हणून वेगळा मिळतो, तोच घ्या. तो ताणतो ही तक्रार खरी आहे. पण डेडस्टिकवर ते ताणणंच कामाला येतं, मासा अलगद अडकतो. तिसरा प्रकार फ्लुरोकार्बन, तोही एकाच तंतूचा. तो पाणी शोषत नाही, म्हणून कमी गोठतो, आणि नायलॉनपेक्षा कमी दिसतो. मात्र अख्खं रीळ त्याने भरलं की थंडीत कडक होऊन दोरा स्प्रिंगसारखा वेटोळी सोडतो. लहान रिळावर हा त्रास जास्त, म्हणून १००० साइझच्या खाली जाऊ नका.

मी शेवटी स्थिरावलो ते असं: तंबूतल्या रॉडवर १० पौंडी ब्रेडेड, त्याला बारीक फिरकी (गोल फिरणारा जोड), आणि पुढे ८ पौंडी फ्लुरोकार्बनचा लीडर, म्हणजे आमिषाला बांधायचा शेवटचा तुकडा. स्पून गरगर फिरतो, त्याचा पीळ फिरकीतच संपतो. लीडर रॉडच्या लांबीपेक्षा कमीच ठेवा. २८ इंची रॉडला दोन फूट पुरे. फिरकी शेंड्याच्या कडीशी येऊन अडते, त्यामुळे लीडर लांब असेल तर मासा भोकात लटकत राहतो आणि तुम्ही हातमोजा काढून दोरा हाताने ओढत बसता. लीडर घरी ऊबेत बांधून न्या. गाठ आवळण्याआधी थुंकी लावा, कोरड्या घर्षणाने फ्लुरोकार्बन कमजोर होतो.

लीडरची गरज सगळीकडे सारखी नाही. मिल लॅक्समध्ये २००५ पासून झेब्रा शिंपले आहेत, ते पाणी गाळतात, त्यामुळे पाणी बरंच निवळलंय आणि तिथे फ्लुरोकार्बनने फरक पडतो असं मला वाटतं. अप्पर रेड लेकचं पाणी चहाच्या रंगाचं आणि उथळ, तिथे साधा मोनो सरळ स्पूनला बांधला तरी मासे तेवढेच लागले. नॉर्दर्न पाइक हा धारदार दातांचा मासा आला तर दोरा दाताने कापून स्पून घेऊन जातो, पण त्याच्यासाठी तारेचा लीडर लावला की वॉलआय लागायचे कमी होतात. स्पून गेले तर गेले.

रिळाबद्दल एकच गोष्ट: आतलं ग्रीस थंडीत घट्ट होतं, ड्रॅग (मासा ओढेल तसा दोरा सोडणारा रिळाचा ब्रेक) अडकत-अडकत सुटतो आणि दोरा तुटतो. तळ्यावर पोचल्यावर हाताने दोरा ओढून ड्रॅग पुन्हा लावा. घरात लावलेला चालत नाही. माझ्या डेडस्टिकवरचं रीळ याच कारणाने पुढच्या डिसेंबरात बदलणार आहे, रॉड दोन्ही तेच राहतील.