लिच किंग, बुधवार आणि न मिळणारा घोडा

हळदीच्या सौद्यात पोत्यात हात घातल्याशिवाय माल कळत नाही. वरची हळकुंडं सगळेच चकाचक ठेवतात. खालून एक उपसायचं, मोडायचं, आवाज ऐकायचा, आतला रंग बघायचा आणि मग बोली. आत काय निघेल ते आपल्या हातात नाही, निघाल्यावर किती बोलायचं ते आहे. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टबद्दल लिहायला बसलो आणि सुरुवात सांगलीच्या मार्केट यार्डातून झाली, त्याला इलाज नाही. दिवसा मी तिथं असतो आणि रात्री इथं.

गेम 2004चा, जगभरातले हजारो लोक एकाच काल्पनिक जगात ऑनलाइन खेळतात तसला. त्यानंतर असल्या गेमांचं पेव फुटलं (पेव म्हणजे मुळात काय, ते हरिपूरच्या एखाद्या म्हाताऱ्याला विचारा), पण मी याच्यातच अडकलोय, आणि तेही बॉसच्या, म्हणजे एकट्यानं न पेलणाऱ्या बड्या शत्रूंच्या, लढायांसाठी. माझी सगळ्यात आवडती लढाई लिच किंगची, मेलेल्यांच्या फौजेच्या राजाची. 2023च्या ऑक्टोबरात क्लासिकमध्ये (गेमची परत चालू केलेली जुनी आवृत्ती) त्याचा किल्ला, आइसक्राउन सिटाडेल, उघडला, तेव्हा ती आम्ही 25 जणांनी मिळून शिकलो. शिकलो म्हणजे काही महिने रोज मेलो.

दुसऱ्या टप्प्यात लिच किंग कुणातरी एकाला हेरतो आणि त्याच्या पायाखाली डिफाइल टाकतो. काळं डबकं. त्यात कुणाला चटका बसला की ते आणखी पसरतं, दोघं-तिघं रेंगाळले की अख्खा चौथरा काळा. कुणाचा नंबर लागणार ते आधी कळत नाही. टाकायला त्याला दोन सेकंद लागतात, तेवढीच मुदत. शिवाय वरून तीन वाल्किरी उतरतात, हाताला लागेल त्याला उचलून काठाकडे नेतात आणि खाली सोडून देतात. बाकीच्यांनी त्यांना वाटेतच गाठून मारायचं.

भारतात या गेमचा सर्व्हर नाही, म्हणून आम्ही युरोपवर खेळतो. त्यांचे रात्रीचे आठ म्हणजे हिवाळ्यात आपले साडेबारा. आमच्या गल्लीत पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायचा वेळ, 170 मिलिसेकंदांच्या आसपास, नेटवाल्याची वायर वाऱ्यानं हलली की त्याहून वर. अशाच एका रात्री, अडीच वाजले असतील, डिफाइल माझ्यावर आलं. पुण्याहून खेळणारा माझा आतेभाऊ हेडफोनमध्ये ओरडतोय, "दादा, बाहेर पळ, बाहेर!" आणि मी पळालो आत. जिथं वाल्किरी मारायला दहाजण गोळा झाले होते, बरोबर तिथं. पाच सेकंदांत सगळे आडवे. आमचा पोलंडचा टँक (पुढे उभा राहून बॉसचा मार खाणारा) त्याच्या भाषेत काहीतरी बोलला. शब्द कळला नाही, अर्थ कळला.

पण नंबर माझा का लागला, असं तेव्हा कुणीही म्हटलं नाही, मीसुद्धा नाही. मेंढीकोटात पानं कशी येतील ते नशीब, पण हुकूम हातात असून मेंढी घालवली तर भिडू शिव्या घालणारच. आधी फासा पडतो, मग तुमची पाळी येते. लढाईत नशीब इथं असावं. प्रत्येक फेरी वेगळी निघते, पाठांतरावर भागत नाही, आणि हरलं तर कुणामुळे ते स्पष्ट असतं.

आता उलटी गोष्ट. याच लिच किंगचा घोडा आहे, इन्व्हिन्सिबल. 25 जणांच्या हिरॉइकमध्येच, म्हणजे अवघड पातळीवरच, पडतो, आणि पडायची शक्यता खेळाडूंच्या नोंदींवरून शंभरात साधारण एक. आजच्या आवृत्तीत आपलं कॅरेक्टर इतकं दांडगं झालंय की मी एकटा जाऊन त्याला मारून येतो, पण आठवड्यातून एकदाच, आणि युरोपात आठवडा बुधवारी पालटतो. त्यातही 10 टक्के जीव उरला की तो तुम्हाला ठार करतो आणि भाषण सुरू करतो. टिरिऑन नावाचा योद्धा येऊन त्याची तलवार तोडेपर्यंत आपण जमिनीवर पडून ऐकायचं. ते भाषण मी 117 वेळा ऐकलंय. तेवढ्यात चहा होतो, गाळूनही होतो.

117 झाले म्हणजे आता जवळ आलं असेल, असं वाटतं ना? मलाही वाटायचं. गेमला मागचं काही आठवत नाही. दर बुधवारी पुन्हा शंभरात एक. हिशोब केला तर 100 फेऱ्या मारूनही शंभरातल्या सुमारे 37 जणांचे हात रिकामेच राहतात. इथं मोडायला हळकुंडच नाही, बंद पोतं विकत घ्यायचं. घोडा शोभेचा आहे म्हणून चालून जातं. 2016च्या लिजन या विस्तारात (गेमला जोडलेल्या नव्या भागात) लेजेंडरी, म्हणजे दुर्मिळ आणि ताकदवान, वस्तूही अशाच नशिबावर पडायच्या, आणि त्यातल्या काही इतरांपेक्षा कितीतरी भारी. तेव्हा मी खेळत नव्हतो, सुटलो. 2020पासून ग्रेट व्हॉल्ट आला, आठवडाभर खेळलात तर नऊपर्यंत वस्तू समोर मांडतो आणि त्यातली एक उचला म्हणतो. हे मला सगळ्यात पटलेलं दुरुस्तीचं काम.

नवीन विस्ताराची वाट बघणं हा या गेमचा दुसरा अर्धा भाग. 2013च्या सप्टेंबरात गॅरोश या बॉसचा रेड (अनेकांनी मिळून करायची मोहीम) आला आणि पुढचा विस्तार नोव्हेंबर 2014ला, म्हणजे चौदा महिने तोच गॅरोश. त्यामानानं आता बरं आहे. 2023च्या ब्लिझकॉनमध्ये, म्हणजे गेम बनवणाऱ्या ब्लिझार्डच्या मेळाव्यात, तीन विस्तार एकदम जाहीर केले: द वॉर विदिन, मिडनाइट आणि द लास्ट टायटन. पहिला 26 ऑगस्ट 2024ला आला. माझं लक्ष तिसऱ्यावर, कारण तो परत नॉर्थरेंडला नेणार आहे, लिच किंगच्या मुलखात. तिथला बर्फ बघायला मी आत्ताच पैसे काढून ठेवलेत, आणि हिला ते अजून सांगितलेलं नाही.

खर्चाचं म्हणाल तर 20व्या लेव्हलपर्यंत फुकट खेळता येतो, तेवढ्यात आवडतं की नाही ते कळतं. पुढे महिन्याची वर्गणी, त्यात जुने विस्तार येतात, सगळ्यात नवा वेगळा विकत घ्यावा लागतो. मी पाचपैकी चार तारे देतो. एक त्या घोड्यानं खाल्ला.

आतेभावाला तो तिसऱ्या फेरीत मिळाला. तेव्हापासून दर रेडला त्यावर बसूनच येतो आणि माझ्या शेजारी उभा राहतो. आता पुण्यात त्याला नाइट शिफ्ट लागलीय, त्यामुळे त्याच्या जागी आम्हाला हीलर, म्हणजे बाकीच्यांना बरं करणारा, हवाय. सांगली-मिरजेकडचं कुणी रात्री जागणारं असेल तर कळवा. घोडा नसलेल्याला प्राधान्य.