घरासाठी सिमेंट: राखेचं की स्लॅगचं?

गोणीवर पीपीसी (पोर्टलँड पोझोलाना सिमेंट) लिहिलं असेल तर त्यात औष्णिक वीज केंद्राची राख, म्हणजे फ्लाय अ‍ॅश, १५ ते ३५ टक्के असते. पीएससीमध्ये (पोर्टलँड स्लॅग सिमेंट) पोलाद कारखान्याच्या झोतभट्टीतली मळी, म्हणजे स्लॅग, २५ ते ७० टक्क्यांपर्यंत चालते. टाकाऊ माल दोन्हीकडे आहे, पण त्याचं काम वेगळ्या तऱ्हेने चालतं.

राख स्वतःहून घट्ट होत नाही. सिमेंट पाण्यात भिजताना जो चुना सुटतो, त्याच्याशी तिची हळूहळू प्रक्रिया होते. बारीक दळलेल्या स्लॅगमध्ये स्वतःचा चुना असतो, सिमेंटची थोडी चालना मिळाली की स्लॅग स्वतःच घट्ट होतो. म्हणूनच त्याचं प्रमाण इतकं वाढवता येतं.

रत्नागिरी, मालवणकडे, खाऱ्या वाऱ्यात घर बांधायचं तर माझं मत स्पष्टपणे पीएससीला. क्षार काँक्रीटमध्ये सहज शिरत नाहीत, सळई उशिरा गंजते. चंद्रपूर-नागपूरकडे पीपीसी उत्तम. राख तिथेच तयार होते आणि गवंड्यांचा हातही त्यावर बसलेला आहे. प्लास्टरला तर मी पीपीसीच घेईन, माल मऊ चालतो.

घाई मात्र दोन्हींना मानवत नाही. सुरुवातीची ताकद सावकाश येते, म्हणून साध्या सिमेंटला ७ दिवस पाणी पुरतं तिथे इथे किमान १० दिवस मारायला हवं, कडक उन्हाळ्यात १४. सेंट्रिंगवाल्याला फळ्या दुसऱ्या साइटवर न्यायच्या असतात. तो लवकर खोलू म्हणाला तरी इंजिनिअरला विचारल्याशिवाय ऐकू नका. आणि सुटी राख आणून साइटवर फावड्याने कालवणं तर कृपया नकोच.