जिमनीवर कस्टम ट्यूनिंगचे शॉक: एक पावसाळा काढल्यानंतर

गाडी पाच दरवाज्यांची मारुती सुझुकी जिमनी. चारही चाकांना मोनोट्यूब (एकाच नळीत तेल आणि नायट्रोजन असलेले) शॉक ॲब्झॉर्बर, आतली व्हॉल्व्हिंग (तेलाचा प्रवाह किती अडवायचा ती रचना) गाडीच्या वजनाप्रमाणे करून घेतलेली, स्प्रिंग मूळच्यापेक्षा सुमारे 30 मिलिमीटर उंच. वापर बहुतेक मुंबई-ठाण्यातला: घोडबंदर रोड, पेव्हर ब्लॉकच्या गल्ल्या, उड्डाणपुलांचे सांधे. सुट्टीला कर्जत-मुरबाडकडच्या कच्च्या वाटा आणि माळशेज घाट. पैसे वसूल झाले, हे आधीच सांगून टाकतो. पण ते शॉकवरच्या नावामुळे नाही. आधी वजन मोजलं आणि नंतर एकदा शॉक खोलून व्हॉल्व्हिंग बदलली, म्हणून.

जिमनीचं कर्ब वजन (माणसं-सामान नसलेल्या गाडीचं) 1,195 ते 1,210 किलो, भरल्या गाडीची मर्यादा 1,545 किलो. म्हणजे माणसं, सामान, ॲक्सेसरीज सगळं मिळून जेमतेम साडेतीनशे किलो. चार मोठी माणसं बसली की त्यातले 280 गेलेच. त्यावर स्टीलचा बंपर, विंच आणि रूफ रॅक चढवला की मर्यादा ओलांडलीच समजा, आणि ते दुखणं कुठलाही शॉकअप बरं करू शकत नाही. ट्यूनरकडे जाऊन ‘ऑफ-रोडसाठी करून द्या’ म्हणणं म्हणजे काहीच न सांगणं. भिवंडी, कळंबोलीकडे ट्रकचे वजनकाटे भरपूर आहेत. टाकी भरलेली आणि नेहमीचं सामान जागेवर असताना आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं. पुढचं आणि मागचं वजन मिळून एकूण आकड्याशी जुळलं पाहिजे. काटा 5 किंवा 10 किलोच्या टप्प्याने दाखवतो, तेवढा फरक सोडून द्या. हेच एकटा चालक असताना आणि पूर्ण भरलेल्या गाडीचं, असं दोनदा करा.

या आकड्यांचं काय करायचं? समजा मागच्या एक्सलवर 680 किलो भरले. एक्सल, चाकं, ब्रेक मिळून 100 किलो वजा धरा. स्प्रिंगवर दर बाजूला 290 किलो राहिले. स्प्रिंग 25 न्यूटन प्रति मिलिमीटरची असेल तर क्रिटिकल डॅम्पिंग (गाडी एकदाही न डुलता जागेवर यायला लागणारा अवरोध) येतं साधारण 5,400 न्यूटन-सेकंद प्रति मीटर. कम्प्रेशनला (शॉक दबताना) त्याच्या 20 टक्के आणि रिबाउंडला (परत उघडताना) 40 टक्के, ही सुरुवात करायला बरी जागा. शॉक तिरका बसत असेल तर त्याची भरपाई करावी लागते: 20 अंशांच्या कलाला परिणाम जवळपास 12 टक्क्यांनी घटतो. हे गणित अंतिम नाही. पण ट्यूनर तुमच्याकडे हे आकडे मागतच नसेल तर तो कस्टम काम करत नाहीये, तयार सेटिंग विकतोय.

डायनोचा (शॉकचा जोर मोजणाऱ्या यंत्राचा) आलेखही मागून घ्या. त्यात दोन भाग वेगवेगळे वाचायचे. शॉकचा दांडा सेकंदाला 0.1 ते 0.2 मीटरने हलतो तेव्हा गाडीचं डुलणं, ब्रेक मारल्यावर नाक दबणं, वळणावर कलणं हे सगळं ठरतं. खड्ड्याच्या धारदार कडेवर हाच वेग 1 मीटरच्या वर जातो. सुरुवातीलाच जोरात चढून नंतर सपाट होणारा, म्हणजे डायग्रेसिव्ह आलेख घाटात छान वाटतो आणि पेव्हर ब्लॉकवर दात हलवतो. पहिलं सेटिंग तसंच आलं होतं. माळशेजमध्ये गाडी बसल्यासारखी चालायची, पण गल्लीत तीस-चाळीसच्या वेगाला सतत बारीक थरथर.

इलाज शिममध्ये होता. पिस्टनवर बसणाऱ्या या पातळ चकत्या 0.10, 0.15, 0.20 मिलिमीटर जाडीच्या असतात आणि त्यांचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. 0.20 ची एक चकती 0.10 च्या आठ चकत्यांइतकी कडक, 0.15 ची एक साधारण सव्वातीन-साडेतीन चकत्यांइतकी. म्हणून ‘एक शिम बदलली’ हे ऐकायला किरकोळ वाटलं तरी प्रत्यक्षात मोठा बदल असतो. कम्प्रेशनच्या बाजूला 0.15 ची एक काढून 0.10 च्या दोन घातल्या आणि थरथर गेली, घाटातलं वळण मात्र फारसं सैल झालं नाही. सौदा करतानाच एक पुनर्व्हॉल्व्हिंग किमतीत धरून घ्या. पहिल्याच फेरीत जमेल असं गृहीत धरू नका.

सगळ्यात जास्त चुकीचं निदान होतं ते रिबाउंडचं. गाडी आदळते म्हटलं की गॅरेजवाला ‘कम्प्रेशन कडक आहे, सैल करू’ म्हणतो. रस्त्यावर ओळीने येणारे पाच-सहा रंबलर (वेग कमी करायला घातलेले उंचवट्याचे पट्टे) घ्या. पहिलाच पट्टा टोचला तर कम्प्रेशन कडक. पहिला-दुसरा मऊ गेला आणि चौथ्या-पाचव्याला दणका बसला, तर रिबाउंड जास्त आहे: चाक खाली परत यायच्या आतच पुढचा पट्टा येतो, गाडी दर पट्ट्याला थोडी खाली बसत जाते आणि शेवटी बंप स्टॉपवर (प्रवासाच्या टोकाला असलेल्या रबरी ठोकळ्यावर) आपटते. अशा वेळी कम्प्रेशन सैल केलं तर ती आणखी लवकर आपटेल. जांभ्याच्या कच्च्या रस्त्यावर, नालीदार पत्र्यासारख्या पृष्ठभागावर, हेच ठळक जाणवतं. ही चाचणी करताना टायरची हवा दर वेळी सारखी ठेवा, नाहीतर तुम्ही टायर मोजताय, शॉक नाही.

मोनोट्यूबमधला नायट्रोजन गाडी थोडी उचलतो, हे फारसं कोणी सांगत नाही. 14 मिलिमीटरचा दांडा आणि 200 पीएसआय दाब म्हटलं की दर शॉकला साधारण 210 न्यूटन, म्हणजे 21 किलोंच्या आसपास ढकल मिळते. आधीच्या गणितातल्या 25 न्यूटन प्रति मिलिमीटरच्या स्प्रिंगवर आठेक मिलिमीटरची वाढ. स्प्रिंगची उंची ठरवताना हे वजा करा. दाब कमी झाला तर फक्त नायट्रोजनच. पंक्चरवाल्याकडची दाबाची हवा चालत नाही, तिच्यात ओलावा आणि ऑक्सिजन असतो.

लांबी तपासल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. स्प्रिंग काढून एक्सल जॅकवर घ्या, एक बाजू पूर्ण वर आणि दुसरी पूर्ण खाली करा. वरच्या बाजूला बंप स्टॉप आधी टेकला पाहिजे, शॉकचा थोडा प्रवास नंतरही शिल्लक राहिला पाहिजे. खालच्या बाजूला ब्रेकची होज ताणली जाता कामा नये आणि स्प्रिंग परत बसवल्यावर ती जागेवरून निसटता कामा नये. दांड्यावर झिप टाय बांधून एक खडबडीत फेरी मारली की किती प्रवास वापरला गेला ते दिसतं. ट्रेलिंग आर्मचे (एक्सलला चॅसिसशी जोडणाऱ्या दांड्यांचे) रबर बुश मात्र गाडी चाकांवर उभी असतानाच आवळा. लटकत्या एक्सलवर आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

उंची वाढवल्यावर पॅनहार्ड रॉडमुळे (एक्सलला आडवं धरून ठेवणाऱ्या दांड्यामुळे) एक्सल थोडा बाजूला सरकतो आणि कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) कमी होतो. 60-80 च्या वेगाला स्टिअरिंग थरथरत असेल तर शॉकला दोष देऊ नका. किंगपिन बेअरिंग (ज्यावर पुढचं चाक वळतं), पॅनहार्डचे बुश, चाकांचं बॅलन्सिंग बघा. कडक शॉक ती खोट थोडे दिवस झाकतो, एवढंच.

आता मुंबईचा पावसाळा. समुद्राची खारी हवा आणि चिखल या दोघांचं लक्ष्य एकच: दांडा आणि त्याचा सील. क्रोमवर टाचणीएवढा डाग पडला तरी प्रत्येक हालचालीला तो सील कातरतो. चिखलातून आल्यावर साध्या पाण्याने दांडे धुवा, प्रेशर जेट थेट सीलवर मारू नका. दांड्यावर तेलाची पुसट ओल चालते, थेंब नाही. आमच्या शॉकला रबर बुश आहेत आणि ते बरंच झालं. लोखंडी गोल बेअरिंगचे जॉइंट शर्यतीच्या गाडीला ठीक, इथल्या चिखलात ते खडखडू लागतात.

रिमोट रिझर्व्हॉयर (शॉकला नळीने जोडलेली जादा तेलाची डबी) घेतला नाही. लांबच्या, सलग खडबडीत रस्त्यावर तेल तापून शॉक सैल पडू नये म्हणून तो असतो. शहरात आणि कर्जतच्या सावकाश चढणीत शॉक तेवढा तापतच नाही. ॲडजस्टरच्या (बाहेरून कडकपणा कमी-जास्त करायच्या) चाव्यांबद्दलही तेच मत. बहुतेक एका चावीच्या शॉकमध्ये क्लिक फिरवून मुख्यतः कमी वेगाचा भाग बदलतो, खड्ड्याचा दणका तसाच राहतो. तो पैसा दुसऱ्यांदा खोलायच्या मजुरीला ठेवा.

एक कटकट: मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मुळे नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल अडचणीचे ठरतात. विमा कंपनीला लेखी विचारून उत्तर मेलवर ठेवा, आणि उंची जितकी कमी वाढवाल तितकं बरं. गाडी रिकामीच शहरात फिरत असेल तर कस्टमच्या नादाला न लागता मूळ दर्जाचे नवे शॉक आणि चांगले बुश टाका. सील आणि तेल आम्ही 20,000 किलोमीटरला बदलणार. वरचेवर पाण्यातून जाणाऱ्या गाडीने त्याच्याही आधी.