विमान-अंतर मोजणारी साइट: अंतर चोख, वेळेवर मात्र विसंबू नका

बहिणीचं ऑपरेशन सकाळी अकराला ठरलं. ती राहते ते गाव आडबाजूचं, माझंही तसंच. दोन्हीकडे एकेक धावपट्टी आणि दिवसाला एक-दोन विमानं. दोन विमानतळांमधलं अंतर सांगणाऱ्या एका साइटवर दोन्ही नावं टाकली. उत्तर आलं: 412 किलोमीटर, 1 तास 1 मिनिट. मी लगेच तिला फोन केला, "तुला आत नेण्याआधी पोहोचतो."

मग तिकीट काढायला गेलो. थेट विमान नव्हतंच. मोठ्या विमानतळावरून फिरून जायचं, मध्ये चार तास दहा मिनिटं थांबायचं, एकूण पावणेसात तास. मी पोहोचलो तेव्हा ती शुद्धीवर येत होती. ते मला अजून लागून राहिलंय, म्हणून हे लिहितोय.

अंतराबद्दल तक्रार नाही. पृथ्वीच्या गोलाईवरून जाणारा सर्वांत जवळचा मार्ग धरून ते काढतात, आणि मी अक्षांश-रेखांश घेऊन स्वतः ताडून पाहिलं, बरोबर आलं. सागरी मैलांतही देतात (222), तेही ठीक.

वेळेचा आकडा कुठून येतो हे पाहायला मी बऱ्याच जोड्या टाकून बघितल्या. 805 किलोमीटरला दीड तास, 1610 ला अडीच. म्हणजे सरसकट ताशी 805 चा वेग आणि वर चढ-उतारासाठी अर्धा तास. हा वेग जेटचा. छोट्या धावपट्ट्यांवर बहुधा पंख्यांची विमानं येतात. एटीआर 72 सारखं विमान ताशी पाचशेच्या आसपास जातं. स्कॉटलंडमधल्या वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या बेटांमधलं अंतर जेमतेम 2.7 किलोमीटर, वेळापत्रकात दोन मिनिटं. साइट सांगते अर्धा तास! शिवाय वेळापत्रकातली वेळ विमान जागेवरून हललं तिथपासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतची असते, त्याचा इथे पत्ताच नाही.

आणखी एक. गावाच्या नावाने शोधू नका, तीन अक्षरी कोड टाका. सॅन होजे कॅलिफोर्नियात आहे (एसजेसी) आणि कोस्टा रिकातही (एसजेओ). काही छोट्या विमानतळांना तीन अक्षरी कोडच नसतो, तिथे चार अक्षरी चालतो. ही सोय साइटने दिली आहे, ते मला आवडलं.

अंतरासाठी पाच स्टार, वेळेसाठी एक. त्या आकड्याखाली "या मार्गावर थेट विमान असेलच असं नाही" एवढी ओळ घाला, असं मी त्यांना कळवलंय. बहिणीचे टाके पुढच्या आठवड्यात काढणार आहेत. या वेळी मी आदल्या दिवशीच निघतोय.