कोल्हापुरातील एक फुटबॉल वर्ग : आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या जूनमध्ये माझ्या अकरा वर्षांच्या मुलाचे नाव घालायला मी या वर्गावर गेले, तेव्हा प्रशिक्षकांनी फी हातात घेतली नाही. ‘वहिनी, पैसे राहू द्यात. आधी हे वाचा,’ असे म्हणून त्यांनी हजेरीच्या वहीमागच्या प्लॅस्टिकच्या पाकिटातून न्यायालयाच्या निकालाची झेरॉक्स काढून दिली. विशीत असताना, एका सामन्यानंतरच्या मारामारीत, त्यांनी दुसऱ्या पेठेतल्या एका समर्थकाच्या पायावर लोखंडी गज घातला होता. त्यासाठी तीन वर्षांची सक्तमजुरी झाली आणि ती त्यांनी कळंब्याच्या कारागृहात भोगली. ‘गावात याच्या चार गोष्टी सांगतात. खरी यात आहे. घरात विचारून मग काय ते ठरवा.’

त्यांचे किंवा वर्गाचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण तशी त्यांचीच विनंती आहे. ज्याला मार लागला तो माणूस याच शहरात राहतो आणि आपल्या कौतुकाचा मजकूर त्याच्या वाचनात यावा, हे त्यांना बरोबर वाटत नाही.

निर्णय घ्यायला आम्हाला आठ दिवस लागले. मी शिवाजी पेठेतच वाढले. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठेतली दुकाने दुपारीच कशी ओस पडतात आणि पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल अशा तालमींच्या फुटबॉल संघांची ईर्षा मैदानाबाहेर आली की घराघरांतल्या बायका दारात कशा उभ्या राहतात, हे मी लहानपणापासून पाहिले आहे. त्यामुळे तो गुन्हा मला परका वाटला नाही, आणि नेमकी त्याचीच मला भीती वाटली. ज्या हातून हे घडले त्याच हातात मूल द्यायचे का, असा साधा प्रश्न होता. सासूबाईंचे म्हणणे वेगळे होते. अंबाबाईच्या प्रसादाचे लाडू कळंब्यातले बंदी वळत होते तेव्हा आपण ते डोळ्याला लावूनच खाल्ले, याची त्यांनी आठवण करून दिली. ते मला पटले, पण पुरले नाही; लाडू खाणे आणि मूल सोपवणे यांत अंतर आहे.

यजमानांना इंग्लिश फुटबॉलचा नाद आहे. तुरुंगात किंवा न्यायालयाच्या पिंजऱ्यात जाऊन आलेली माणसे पुढे संघाची मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, झाली, त्यांचे काय झाले, हे आम्ही दोघांनी त्या आठ दिवसांत बसून वाचले. सर्वांत जवळचे उदाहरण डंकन फर्ग्युसनचे वाटले, कारण त्याचाही गुन्हा फुटबॉलमधलाच होता. १९९४ मध्ये रेंजर्सकडून खेळताना त्याने रेथ रोव्हर्सच्या खेळाडूला डोक्याने मारले आणि १९९५ मध्ये त्यासाठी ग्लासगोच्या बार्लिनी तुरुंगात ४४ दिवस काढले. पुढे एव्हर्टनच्या मुलांच्या अकादमीत काम करत तो वर आला आणि डिसेंबर २०१९ मध्ये हंगामी मॅनेजर म्हणून त्याच्या संघाने चेल्सीला ३-१ असे हरवले. २०२३ च्या जानेवारीत फॉरेस्ट ग्रीन रोव्हर्सने त्याला नेमले, पण तिथे संघ खालच्या विभागात घसरला. त्याच क्लबने त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये ट्रॉय डीनीला मॅनेजर केले. तोही २०१२ मध्ये मारामारीच्या गुन्ह्यात तुरुंगात जाऊन आलेला होता. स्वतःच्या खेळाडूंवर जाहीर टीका केल्यानंतर महिन्याच्या आतच त्याला जावे लागले.

स्टीव्ह एव्हान्सची गोष्ट याच्या उलट आहे. बोस्टन युनायटेडमधील करचुकवेगिरीबद्दल २००६ मध्ये त्याला स्थगित कारावासाची शिक्षा झाली. त्यानंतर त्याने क्रॉलीला २०११ मध्ये फुटबॉल लीगमध्ये नेले आणि रॉदरहॅमला २०१३ व २०१४ अशी लागोपाठ दोन वर्षे वरच्या विभागात चढवले. यश मोठे आहे, पण मैदानाच्या कडेला त्याचा तोल सुटतच राहिला आणि कारवायाही होत राहिल्या. टोनी ॲडम्स आर्सेनलचा कर्णधार असताना दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल डिसेंबर १९९० मध्ये आत गेला. मॅनेजर म्हणून त्याचा हिशेब कच्चाच राहिला. २०१७ मध्ये स्पेनच्या ग्रानाडा संघाकडे त्याला सात सामने मिळाले, सातही तो हरला. परंतु व्यसनात अडकलेल्या खेळाडूंसाठी त्याने २००० मध्ये जी उपचारसंस्था काढली, ती मला कोणत्याही करंडकापेक्षा मोठी वाटते. या सगळ्यातून मी एवढेच घेतले की, शिक्षा भोगलेला माणूस चांगला प्रशिक्षक आहे की नाही, हे त्याचा संघ हरत असताना तो कसा वागतो यावरून पाहावे.

त्यामुळे पहिले काही महिने मी रोज मैदानाच्या कडेला उभी राहिले. वर्ग आठवड्यातून चार दिवस, सकाळी सहा ते साडेसात असतो. महिन्याला सहाशे रुपये फी आहे आणि पावती मिळते. जून-जुलैत चिखलामुळे निम्मे दिवस वर्ग भरला नाही, तेव्हा न मागता अर्धी फी परत आली. अठ्ठावीस मुले, एक मदतनीस आणि चौदा चेंडू. पहिली वीस मिनिटे दोन्ही पायांनी पासिंग असते आणि डावा पाय कच्चा असलेल्या मुलांकडे त्यांचे विशेष लक्ष असते. माझा मुलगा चेंडू आला की डोळे मिटायचा. आता तो छातीवर घेऊन पायाशी थांबवतो. शिक्षा म्हणून पळवणे, उठाबशा, शिवी, यांतले काहीही मी ऐकले किंवा पाहिले नाही.

नोव्हेंबरमधल्या एका मैत्रीपूर्ण सामन्यात जे पाहिले, ते मात्र सविस्तर लिहायला हवे. आमचा संघ ०-४ ने मागे होता. समोरच्या मुलाने माझ्या मुलाला मागून पाडले, रेफ्रींनी शिट्टी दिली नाही आणि माझा मुलगा उठून त्याच्या अंगावर धावला. प्रशिक्षकांनी त्याला ताबडतोब बाहेर घेतले. ओरडले नाहीत. त्याच्यापुढे गुडघे टेकून बसले, त्याच्या बुटाची सुटलेली नाडी उगाचच दोनदा बांधली आणि मग म्हणाले, ‘राग आला की पाय मागं घ्यायचा, बाळा. दहा पावलं. मोजायची.’ मुलाने तिथेच विचारले, ‘मामा, तुम्ही जेलमध्ये होता?’ शाळेत कोणीतरी सांगितले असावे. बाकावरची सगळी मुले गप्प झाली. ‘होय. मी एकाला मारलं. तो अजून लंगडतो.’ एवढेच बोलून त्यांनी त्याला पाणी दिले आणि सामना संपल्यावर समोरच्या मुलाशी हात मिळवायला पाठवले. त्या दिवसानंतर मी मैदानावर रोज जाणे थांबवले.

उणिवा आहेत आणि त्या मी त्यांना तोंडावर सांगितल्या आहेत. त्यांच्याकडे भारतीय फुटबॉल महासंघाचे प्रशिक्षकांसाठीचे डी-लायसन्स नाही. ते त्यांनी करायला हवे. गोलरक्षणाचा सराव जवळजवळ होत नाही. प्रथमोपचाराची पेटी मी मागितल्यावर आली. लहान मुलांकडून हेडिंगचा, म्हणजे डोक्याने चेंडू मारण्याचा, सराव करून घेणे मला मान्य नाही. इंग्लंडमध्ये २०२० पासून प्राथमिक वयाच्या मुलांना सरावात हेडिंग देऊ नये अशी सूचना आहे. त्यावर त्यांनी विचार करतो म्हटले, पण हेडिंग अजून सुरूच आहे. मुली फक्त तीन आहेत. आणि सुटून आल्यापासून ते स्वतः शाहू स्टेडियमची पायरी चढलेले नाहीत, मुलांना मदतनीसच घेऊन जातात. त्यामागची भावना मी समजू शकते, तरी ज्या गावातून अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, तिथल्या मुलांना मोठा सामना दाखवून समजावणारे आपले प्रशिक्षक शेजारी असावेत, असे मला मनापासून वाटते.

पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला कोणत्याही वर्गाकडे मागावा. येथे तो मागावा लागत नाही. शिक्षेच्या नोंदीसह तो त्याच वहीत ठेवलेला आहे.

पुढच्या हंगामासाठी आम्ही नाव कायम केले आहे. नवीन प्रवेश जूनच्या पहिल्या आठवड्यात होतात. बूट रबरी खिळ्यांचे आणावेत. पहिल्या दिवशी आई-वडील दोघांनीही यावे, कारण ती झेरॉक्स दोघांनी वाचल्याशिवाय ते फी घेत नाहीत.